विमलबेनचा डिले

विमलबेनला कधी कोणी हसताना पाहिलं नाही, असं शहाद्यातले बरेच जण सांगतात. ते खरं नाही. ती हसायची. समोरचा माणूस अडखळला की हसायची.

मी शाळेत गणित शिकवतो आणि लग्नसराईत, गणपतीत, नवरात्रात कीबोर्ड वाजवतो. आमच्या ऑर्केस्ट्राचा साउंड बरीच वर्षं बेनकडे होता. नवरा हिंमतभाई होता तेव्हा ते नुसतं लाउडस्पीकर भाड्याने देणारं दुकान होतं. तो गेल्यावर कळसाडीची सासरची मंडळी येऊन सांगून गेली की सामान विकून टाक, गावी ये, कापूस आहे, ऊस आहे, मजुरांवर लक्ष ठेव. बेनने सामान विकलं नाही. उलट सगळ्या माइकचे आवाज मिसळायचा मोठा मिक्सर आणला आणि दुकानाच्या वरच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगून, स्टुडिओ केला. ही गोष्ट सांगितली की लोक तिचं कौतुक करतात. एका माणसाने तर तिच्यावर पेपरात लेख लिहायचं ठरवलं होतं. फोटो काढताना त्याचा पाय केबलवर पडला, म्हणून बेनने त्याला जिन्यावरून खाली घालवून दिलं. तो लेख कधी छापून आला नाही. हा लेख त्याची भरपाई नव्हे. मला ती बाई आवडत नव्हती, आजही आवडत नाही. पण विसरताही येत नाही, म्हणून लिहितो आहे.

ठेंगणी, जाड काचांचा चष्मा, डोक्यावर पदर आणि पदरावरून हेडफोन. खुर्ची दिली तरी बसायची नाही, अॅम्प्लिफायरच्या रिकाम्या खोक्यावर बसायची. तोंडात बडीशेप. कार्यक्रमाच्या मैदानात पोचली की कोणाच्या नमस्काराला उत्तर न देता सरळ मधोमध जाऊन उभी राहायची आणि एकदाच, कडाडून, टाळी वाजवायची. मग मान तिरकी करून ऐकायची. समोर शाळेची भिंत असो की पत्र्याचं गोडाऊन, ती टाळी कुठून, केवढी आणि किती उशिरा परत येते हे तिला हवं असे. "ही भिंत आज मधमा बोलनार शे," असं म्हणून ती स्पीकर दुसरीकडे वळवायला लावायची. घरात ती गुजर समाजाची गुजरी बोले, आमच्याशी अहिराणी, आणि गिऱ्हाइकाशी एक तुसडी शाळकरी मराठी, जिच्यात 'कृपया' हा शब्द असायचा आणि तो शिवीसारखा लागायचा.

मिक्सरवर प्रत्येक गायक-वादकाच्या बटणांखाली ती कागदी टेपची पट्टी चिकटवायची आणि त्यावर नाव लिहायची. नाव म्हणजे तिने ठेवलेलं नाव. आमचा मुख्य गायक भरत, तो 'नाक'. दुसरी गायिका, जी प्रत्येक गाण्यात हुंदका घालायची, ती 'रडकी'. माझ्या कीबोर्डखाली 'पाढे'. गायक ती पट्टी वाचणार हे तिला माहीत होतं. ती ठळक अक्षरात लिहायची.

भरतला आवाजावर एको लागायचा. आमच्याकडे एको नसेल तर गाणं झालं असं कोणाला वाटतच नाही. लग्नातल्या सूचनासुद्धा लोकांना तीनदा घुमलेल्या हव्या असतात. भरत स्टेजवरून बोट वर करून खूण करायचा, अजून, अजून. बेन मान डोलवायची आणि एक बटण फिरवायची. भरत डोळे मिटून म्हणायचा, "आता कसं भरून आलं!" एकदा मी शेजारी उभा होतो. मला दिसलं की ते बटण ज्या चॅनेलचं होतं, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. मी बेनकडे पाहिलं. ती हसत होती. भरतला ही गोष्ट तिने स्वतःच सांगितली, तीही चारचौघांत, त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याला.

तापीकाठच्या एका गावात शाळेच्या बक्षीस समारंभाला एक पुढारी आला होता. त्याच्या माइकने सुरुवातीला शिट्टी मारली. तशी ती मारतेच. तो माइक हातात घेऊन थेट स्पीकरसमोर जाऊन उभा होता. तो माइकवरूनच म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं की ते किंचाळणारच." मंडप हसला. बेन हसली नाही. तिने शिट्टी बंद केली, बडीशेपेचा चमचा तोंडात टाकला आणि शेजारच्या काळ्या, चपट्या यंत्राची दोन बटणं फिरवली.

पुढारी बोलायला लागला. "माझ्या बंधू... बंधू आणि... भगि... भगिनी..." त्याने घसा खाकरला. पुन्हा सुरुवात केली. जीभ पुन्हा अडली. शब्द लांबायला लागले, मधली अक्षरं दोनदा यायला लागली. मंडपात ऐकू येणारा आवाज स्वच्छ होता. त्यामुळे लोकांना एकच अर्थ लागला की हा पिऊन आला आहे. मुख्याध्यापकांनी पाणी पुढे केलं. पुढाऱ्याने दोन वाक्यांत भाषण आटोपलं आणि खाली बसला. त्याचा चेहरा घाबरलेला होता, हे मी पाहिलं.

परतीच्या टेम्पोत बेनने उलगडा केला. स्टेजवर बोलणाऱ्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, मॉनिटर. तो फक्त त्याच्यासाठी असतो, स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. बेनने त्या मॉनिटरमध्ये त्याचाच आवाज किंचित उशिरा सोडला होता. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणा. माणूस बोलताना स्वतःचं ऐकत असतो. जीभ एक अक्षर पुढे आणि कान एक अक्षर मागे राहिले की जिभेची वाट चुकते. उशीर फार मोठा असेल तर काही होत नाही, अगदी बारीक असेल तरी होत नाही. मधली एक जागा असते. "ती जागा माले ठावकी शे," बेन म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो. पुढे कित्येक महिने भरत त्या पुढाऱ्याची नक्कल करून दाखवायचा.

मग शेवंती आली.

शेवंती पावरा, धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची. शहाद्याला एका दवाखान्यात नर्स होती. गणपतीच्या कार्यक्रमात आमची 'रडकी' आजारी पडली, म्हणून दवाखान्यातल्या कोणीतरी हिला आणून उभं केलं. ती एकच गाणं गायली. आवाज थोडा खरखरीत, पण वर चढला तरी पातळ होत नव्हता. बेन त्या दिवशी खोक्यावरून उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शेवंतीला स्टुडिओत बोलावणं गेलं. मिक्सरवर तिच्यासाठी जी पट्टी लागली, त्यावर फक्त 'शे' लिहिलं होतं. शेवंतीचा 'शे' की अहिराणीतला 'आहे' या अर्थाचा 'शे', हे मी बेनला विचारलं नाही. तिने सांगितलंही नसतं. पण टोपणनाव न मिळालेली ती एकटीच.

बेनने तिला शिकवलं. दुसऱ्या कोणाला एवढं शिकवताना मी तिला पाहिलं नाही, आणि ते शिकवणंही भांडल्यासारखंच असायचं.

"डिले म्हंजे काय? तू बोलनी. यंत्रनी ते धरी ठेवं, आनी मंग सोडं. किती येळ धरी ठेवं, तो टाइम. सोडेल आवाज परत यंत्रनाच तोंडमा किती घालना, तो फीडबॅक. आनी तुन्हा मूळ आवाजमा त्यानं पानी किती मिसळनं, तो मिक्स. तीनच बटनं. बाकी लोके उगाच मोठेपना करतस."

"फीडबॅक जास्त झाला तर?" शेवंतीने विचारलं.

"मंग भांडखोर सासू. येकच गोष्ट परत परत सांगस, आनी दर खेपले जास्त जोरमा."

एकदा तिने खोलीतला टेबलफॅन चालू करून शेवंतीला त्याच्या पात्यांसमोर 'आ' म्हणायला लावलं. आवाज थरथरत कापला जायला लागला. "हाई ट्रेमोलो. आवाज तोच, फक्त मोठा-ल्हान, मोठा-ल्हान." मग फॅन बंद करून हेडफोन तिच्या कानांवर चढवला. "आते कोरस देख. कानबाईना सणमा बायासनं गाणं ऐकं ना तू? धा बाया येकच ओळ म्हनतीस, पन कोनी जरासं आधी, कोनी मांगे, कोनी वर, कोनी खाले. म्हनीसन ते भरेल लागस. यंत्रजोडे धा बाया नहीत. ते तुन्हीच नक्कल करस, पापणी लवस तितली मांगे ठेवस, आनी ते अंतर कमी-जास्त करत ऱ्हास."

अंतर असं कमी-जास्त झालं की नकलेचा सूर मूळ सुराच्या अवतीभोवती झुलतो. किती जलद झुलायचं ते रेटचं बटण ठरवतं, किती लांबवर झुलायचं ते डेप्थचं. बेनने दोन्ही अगदी कमी ठेवली तेव्हा शेवंतीचा आवाज नुसता रुंद झाला, यंत्र लावलं आहे हे कळलंही नाही. मग दोन्ही वाढवली. उन्हात ठेवून वाकलेल्या कॅसेटसारखा आवाज डचमळायला लागला. मग तिने मधलं अंतर आणखी कमी केलं, फीडबॅक चढवला, आणि लोखंडी पाइपातून वारा जावा तसा एक सरकता, पोकळ घोष झाला. "हाई फ्लँजर. हाऊ बाईमाणूसना आवाजले लावाना नही. गितारवालासले देवाना, त्यासले दुसरं काम नही."

त्या काळात मीही तिथे बसायचो. एकदा डिलेचा टाइम गाण्याच्या लयीला जुळवायचा होता. मी कागदावर मांडलं: मिनिटाला एकशेवीस मात्रा, म्हणजे एका मात्रेला अर्धा सेकंद, परत येणारा आवाज दोन मात्रांच्या मध्ये पडायला हवा, म्हणजे पाव सेकंद. बेन कागदाकडे न पाहता पायाने ठेका धरून बटण फिरवत होती. ती थांबली तेव्हा यंत्रावर पाव सेकंदच दिसत होता. माझं गणित आणि तिचा पाय एकाच जागी येऊन पोचले होते. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. बेनने आकडा वाचला, बटण केसभर पुढे सरकवलं आणि म्हणाली, "आते तुन्हं चुकनं."

शेवंतीने आईचं एक पावरी गाणं तिथे गायलं. पेरणीच्या वेळचं गाणं. बेनने त्याला जवळजवळ काहीच लावलं नाही. फक्त ओळ संपल्यावर एकदा, दुरून, शेवटचा शब्द परत येतो, तेवढं. ते गाणं फोनवरून फोनवर गेलं. डोंगरातल्या जीपमध्ये वाजलं, शहाद्याच्या चहाच्या टपरीवर वाजलं. बेन टपरीवर जाऊन ते ऐकत उभी राहिली होती, असं टपरीवाला सांगायचा.

वर्षभराने शेवंतीला नंदुरबारच्या एका स्टुडिओने बोलावलं. तिथे तिने लग्नाचं गाणं केलं, चांगल्या जाड कोरसचं, घुमणाऱ्या डिलेचं. बेनने ते बस स्टँडसमोर उभ्या असलेल्या जीपमध्ये पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी शेवंती नेहमीप्रमाणे स्टुडिओत आली तेव्हा मी तिथेच होतो.

"पावडर लाई दिनी तुन्हा आवाजले त्यासनी," बेन म्हणाली. "तमाशानी पावडर."

"मला आवडलं, बेन."

"तुले काय समजस?"

शेवंती गोधड्यांकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे आई गाते ती घरात बसून नाही गात. उतारावर उभी राहून गाते. पलीकडचा डोंगर अर्धं गाणं परत देतो, आणि ती त्याच्यासाठी थांबते, मग पुढची ओळ घेते. तुम्ही भिंतींना गोधड्या लावल्या आणि डोंगर काढून टाकला. त्या लोकांनी परत आणून दिला. जरा जास्त आणला, कबूल. पण आणला."

आयुष्यभर भिंत कुठे बोलते हे टाळी वाजवून शोधणाऱ्या बाईला एका मुलीने सांगितलं होतं की भिंतीलाही गाण्यात जागा असते. बेनने हेडफोन काढला, त्याची वायर गुंडाळली, खिळ्याला टांगला. "जाय मंग तठेच," एवढंच म्हणाली. शेवंती गेली. मला वाटलं, प्रकरण संपलं.

त्या नवरात्रात पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत महिला मंडळाचा कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्रा आमचा, साउंड बेनचा, आणि मंडळाच्या बायकांनी खास मागणी करून बोलावलेली गायिका शेवंती. दिवेलागणीची वेळ, अजून उजेड होता. पुढे सतरंज्यांवर बायका आणि पोरं, मागे खुर्च्यांवर पुरुष. मी कीबोर्ड मांडताना मिक्सरकडे एक चक्कर मारली. 'शे'ची पट्टी नव्हती. त्या जागी लिहिलं होतं, 'मेमसाब'.

पहिलं गाणं झकास झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं तिच्या आईचं. ते ठेक्याशिवाय सुरू होतं. एकटा आवाज, दोन लांब ओळी, मग ढोलकी. शेवंतीने डोळे मिटून पहिली ओळ उचलली आणि तिसऱ्याच शब्दावर तिची जीभ अडली.

तिने ती पुन्हा घेतली. पुन्हा अडली. शब्द ओढल्यासारखे लांबले, एक अक्षर दोनदा आलं. मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी शिट्टी वाजवली. पुढचं एक पोर हसलं, मग सगळी पोरं हसली. शेवंतीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, आणि आता मला ऐकू आलं: तिच्या पायाशी असलेल्या मॉनिटरमधून तिचाच आवाज, तिच्या मागोमाग, किंचित उशिरा. ती मधली जागा. मी मान वर करून मैदानाच्या टोकाला पाहिलं. बेन खोक्यावर बसली होती. तिचा उजवा हात काळ्या यंत्रावर होता. ती हसत होती.

मी कीबोर्ड सोडून खाली उतरणार होतो. पण शेवंतीने हात आडवा केला. ती मॉनिटरकडे बघत होती. माइक तोंडाशी नेऊन हळूच म्हणाली, "एक."

मॉनिटर म्हणाला, एक. उशिरा.

"दोन."

दोन.

ती खाली वाकली. मॉनिटर जड असतो. तिने गुडघा लावून तो ढकलला आणि अर्धा फिरवून त्याचं तोंड लोकांकडे केलं. मग सरळ उभी राहिली. "मला काय ऐकू येतंय ते तुम्ही पण ऐका," ती म्हणाली, आणि मॉनिटरने ते सगळं वाक्य तिच्या मागोमाग, तिला ढकलत ढकलत, पुढच्या सतरंज्यांवर ओतलं. पोरं हसायची थांबली. पुढे बसलेल्या बायकांपैकी एकीने मागे वळून मिक्सरच्या टेबलाकडे पाहिलं. मग दुसरीने. मग रांगच्या रांग वळली. शेवंतीने आवाज चढवला नाही. "बेन," ती म्हणाली, "झालं का तुमचं?"

बेन, मॉनिटर म्हणाला, झालं का तुमचं.

बेनचा हात यंत्रावरून निघाला.

त्यानंतर शेवंतीने गाणं पहिल्यापासून म्हटलं. फार छान झालं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या ओळीत सूर थोडा वर गेला. पण तिने ते पूर्ण केलं, नमस्कार केला, खाली उतरून स्टेजच्या मागे गेली आणि तिथे उलटी केली. मंडळाच्या बायकांनी तिला पाणी दिलं.

सामान आवरताना मी बेनकडे गेलो. ती केबल कोपर आणि अंगठ्यावर गुंडाळत होती.

"का केलंत?"

"मन्हा हात लागी गया."

"बेन."

तिने गुंडाळणं थांबवलं नाही. "बरं. मीच लावं. मंग? तू मास्तर शे. पोऱ्या चुकनात ते तू छडी मारत नही?"

"छडी समोरून मारतात, बेन. आणि ती चुकली कुठे होती?"

"माले सोडीसन गयी, हाई चूक नही?"

शिकवण्यासाठी केलं, गर्व उतरवण्यासाठी केलं, असं पुढे तिच्या बाजूने बोलणारे काही जण निघाले. मी त्यांना हे वाक्य सांगतो. त्यात शिकवण्याचा विषय नाही.

मी तिला म्हणालो की आमच्या ऑर्केस्ट्राचा साउंड यापुढे तुमच्याकडे नसेल. भरत जवळच होता. त्याने स्वतःची बॅग उचलून तिच्या टेम्पोतून बाहेर काढली. बेन म्हणाली, "नाक, तुन्हं बटन आजबी कोठेच जोडेल नव्हतं." टेम्पो सुरू करायला लावून ती निघून गेली.

अशा गोष्टी तालुक्यात लपत नाहीत. मॉनिटरचा किस्सा पसरला तसा तापीकाठच्या त्या बक्षीस समारंभाचाही उलगडा लोकांना झाला, आणि पुढाऱ्याला तर आधी झाला. त्याची चार माणसं दुकानावर आली. त्यांनी मोडतोड केली नाही, शिवीगाळ केली नाही. बेन जेवायला गेली असताना तिच्या शटरला स्वतःचं एक मोठं कुलूप लावलं आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसून राहिली. मी शाळेतून घरी चाललो होतो. बेन आली, कुलूप पाहिलं, त्या चौघांना पाहिलं, आणि हार्डवेअरच्या दुकानातून लोखंड कापायची करवत घेऊन आली. भर बाजारात, पदर खोचून, ती ते कुलूप कापत बसली. हाताला फोड येईस्तोवर कापलं. तोंडाने गुजरीतल्या शिव्या अखंड चालू होत्या. कोणी मदतीला गेलं नाही. मीही गेलो नाही, आणि आज पुन्हा तो प्रसंग आला तरी जाणार नाही. कुलूप तुटलं तेव्हा तिने ते उचलून टपरीच्या फळीवर, त्या चौघांच्या कपांच्या मधोमध, नेऊन ठेवलं. ते उठून गेले.

हे पाहून तिच्याबद्दल आदर वाटावा, असं मला स्वतःलाच वाटलं होतं. पण डोळ्यांसमोर तो यंत्रावरचा हात आला की आदर टिकत नव्हता. माणूस शूर असतो आणि दुष्टही असतो. एकाने दुसरं फिटत नाही.

पुढे तिची कामं कमी होत गेली. गायक तिच्या स्टेजवर उभं राहायला तयार नसत. आमच्या भागात आजही कोणी नवा साउंडवाला आला की गायक आधी मॉनिटरकडे वाकून एक-दोन म्हणतात आणि कान देतात. शेवटी बेनने सामान विकलं आणि मुलीकडे सुरतला जायचं ठरवलं, असं कानावर आलं.

शेवंती गात राहिली. सुट्ट्या बघून आमच्याबरोबर कार्यक्रम करते. एका दुपारी आम्ही दोघं शहाद्याच्या स्टँडवर धडगावच्या जीपची वाट बघत होतो, तेव्हा समोर सुरतची बस लागलेली दिसली आणि बसच्या दाराशी विमलबेन. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. हेडफोनशिवाय तिचं डोकं लहान दिसत होतं.

मी तोंड फिरवलं. शेवंती मात्र सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला मागोमाग जावं लागलं.

"बेन," शेवंती म्हणाली, "त्या दिवशी चुकलं, एवढं एकदा मला म्हणा. मग जा."

बेनने चष्म्यातून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "दुसरी ओळमा तुन्हा सूर चढना व्हता," ती म्हणाली. "तवय डिले बंद व्हता."

"चढला होता," शेवंती म्हणाली. "तरी म्हणा."

कंडक्टरने घंटी मारली. बेन पायऱ्या चढली, आत जाऊन आमच्या बाजूच्या खिडकीशी बसली आणि काच ओढून घेतली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. बसचे सगळे पत्रे खडखडायला लागले. तेव्हा आम्हाला दिसलं की काचेच्या आत बेनचे ओठ हलत आहेत. ती शेवंतीकडे बघत बोलत होती. एक शब्द नव्हता तो. ती बोलतच होती. इंजिनाच्या आवाजात आम्हाला एक अक्षरही कळलं नाही.

बस मागे सरकली, वळली आणि फाटकाबाहेर गेली.

"काय म्हणाली?" शेवंतीने विचारलं.

"शिवी दिली असेल."

"शिवी एवढी लांब नसते."

"बेनची असते," मी म्हणालो.